अर्धलीचे शेअर

सात रस्त्याजवळच्या गल्लीत घोंगड्यांचं दुकान चालवणाऱ्या धुळा बंडगरावर इन्कमटॅक्स भरायची पाळी आली, तेव्हा त्याच्या भावकीतल्या निम्म्या लोकांना ते खरंच वाटलं नाही आणि उरलेल्या निम्म्यांनी बोटं मोडली. टॅक्स भरणारा माणूस म्हणजे टोपी कडक इस्त्रीची असणारा, अशी सगळ्यांची समजूत. धुळाची टोपी तर लोकरीच्या धुळीनं कायम करडी झालेली. तिशीपर्यंत मेंढरामागं फिरला, मग गावोगाव लोकर घेत हिंडला, मग दुकान थाटलं. बहात्तरचा दुष्काळ सरला आणि सरकारी वसतिगृहं, दवाखाने, सगळ्यांना एकदमच घोंगड्यांची आठवण झाली. चौऱ्याहत्तर साली हिशेब केला तर धुळा बंडगर चक्क कराच्या रेषेपलीकडे जाऊन बसला होता.

मग तो गेला मल्लिकार्जुनअण्णांकडे. सात रस्त्यावरच एका कापडदुकानाच्या माडीवर अण्णांचं ऑफिस होतं. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, नाकावर चष्मा आणि तोंडात कायम वेलदोडा. अर्ध्या बाजाराची रिटर्न अण्णाच भरत. एरवी माणूस शांत, पण जुलै महिना लागला की त्यांचा पारा उन्हाळ्यातल्या सोलापूरसारखा चढायचा, कारण बाजारातला प्रत्येक जण शेवटच्या आठवड्यातच जागा व्हायचा.

"दुकानाचं झालं," अण्णा कागद बाजूला सारत म्हणाले. "आता सांगा धुळाप्पा, आणखी कुठनं काय येतंय? घरभाडं? बँकेचं व्याज? शेअर वगैरे?"

"शेअर हायेत की," धुळा म्हणाला आणि बंडीच्या खिशातून घडी घातलेला कागद काढून त्यानं टेबलावर ठेवला. मुंबईच्या एका रंग बनवणाऱ्या कंपनीनं डिव्हिडंडबरोबर पाठवलेला दाखला होता तो. वर्षाचा डिव्हिडंड किती, त्यातून कर कापला किती, सगळं त्यावर छापलेलं. "पन ह्यातलं निम्मंच लिवा."

"निम्मं? ते का म्हणून?"

"निम्मं माझ्या अक्काचं हाय. शेअर अर्धलीवर हायेत."

अण्णांची लेखणी थांबली. अण्णांच्या घरी तीन पिढ्यांचा भुसार व्यापार. मेंढरू त्यांनी पाहिलं असेल तर रस्त्यात आडवं आलं तेव्हाच. "अर्धल म्हणजे?" त्यांनी विचारलं, आणि धुळानं खुर्चीवर मांडी घालून त्यांना समजावून सांगितलं.

ज्याच्याकडे मेंढरं आहेत पण राखायला माणूस नाही, तो ती दुसऱ्याच्या कळपात सोडतो. मेंढरं मालकाची ती मालकाचीच. पण जी कोकरं होतील, जी लोकर कातरली जाईल, त्यांचे दोन वाटे करायचे, एक मालकाचा आणि एक राखणाऱ्याचा. शिवाय मालकानं वर्षाकाठी राखणाऱ्याला वहाणांचा एक जोड द्यायचा, कारण मेंढरामागं चालून माणसाच्या आधी वहाणाच झिजतात. असा व्यवहार बापजाद्यांपासून तोंडीच चालतो, आणि तो मोडला असं कधी कुणी ऐकलेलं नाही.

"ते मेंढरांचं झालं," अण्णा म्हणाले. "हे शेअर आहेत."

"त्येच तर सांगतोय. आदी मेंढरंच व्हती ती."

आणि ते खरंच होतं. धुळाची थोरली बहीण केराबाई कुंभारीला दिलेली. दहा-अकरा वर्षांमागं तिचा नवरा गेला. मुलगा नाही, अंबुबाई नावाची एकच मुलगी, तीही मोहोळला सासरी. नवऱ्यामागं राहिला तो कळप, आणि त्या कळपावर दिरांचा डोळा. आज एक बोकड ने, उद्या दोन मेंढ्या ने, असं सुरू झालं. तेव्हा धुळानं एके दिवशी पहाटेच सगळा कळप मोहोळच्या बाजाराला नेला आणि विकून टाकला. दिरांना कळेपर्यंत पैसे धुळाच्या कमरेला होते. पण रोकड बहिणीच्या हातात दिली तर ती आठवडाभरही टिकणार नाही, हे त्याला माहीत होतं. कुणी हातउसने मागेल, कुणी रडून नेईल. त्याच्या ओळखीचा एक सूत रंगवणारा पद्मशाली व्यापारी म्हणाला, ह्या कंपनीचे शेअर घेऊन टाक, मी हिचाच रंग वापरतो, बुडायची नाही. दलाल म्हणाला, बाईचा अंगठा म्हटलं की मॅजिस्ट्रेटपुढं जा, शिक्का घ्या, कोण करणार ते? भाऊ आहेस ना, तुझंच नाव टाक. धुळानं टाकलं.

मग कुंभारीला जाऊन त्यानं अक्काला सांगितलं, "तुजी मेंढरं आता मुंबैला चरायला गेली बघ. राखन माझ्याकडं. अर्धलीनं." बोलताना थोडी थट्टा होती, पण शेअर म्हणजे काय हे समजावून सांगायला त्याच्याजवळ दुसरी भाषाही नव्हती. केराबाईनं मान डोलावली. तेव्हापासून वर्षातून दोनदा डिव्हिडंड आला की धुळा बँकेतून पैसे काढायचा, निम्मे स्वतःकडे ठेवायचा आणि निम्मे कुंभारीला नेऊन द्यायचा. केराबाई त्याला 'कातरण' म्हणायची. "औंदाची कातरण बरी हाय की," असं म्हणून पैसे कनवटीला लावायची.

अण्णांनी हे सगळं ऐकलं. वेलदोडा एका गालातून दुसऱ्या गालात गेला.

"धुळाप्पा, ऐका माझं. कंपनीच्या वहीत नाव कुणाचं? तुमचं. दाखला कुणाच्या नावावर? तुमच्या. तुम्ही निम्मं लिहिलं तर साहेब विचारणार, उरलेलं निम्मं गेलं कुठं? आणि हे सगळं करून वाचणार काय, तर काही नाही! तीन हजारांपर्यंतच्या डिव्हिडंडवर आता करच नाही. पूर्ण रक्कम तुमच्या नावानं दाखवा, पूर्ण वजा होतीय. वर कंपनीनं कापलेला कर तुमच्या करात वळता होईल. सरळ काम आहे की. पुढं बहिणीला तुम्ही निम्मे द्या, पाऊण द्या, तुमचं तुम्ही बघा."

"म्हंजे लिवायचं काय?"

"हेच की, हे माझं उत्पन्न आहे. आणि खाली सही." अण्णांनी फॉर्मच्या तळाशी बोट ठेवलं. "इथं छापलंय बघा. वर लिहिलेलं सगळं माझ्या माहितीप्रमाणे आणि समजुतीप्रमाणे खरं आहे. ह्याला म्हणतात सेल्फ असेसमेंट. तुमचं उत्पन्न तुम्हीच सांगायचं, कर तुम्हीच काढायचा, तुम्हीच भरायचा."

"आनि साक्ष?"

"साक्षही तुमचीच."

धुळानं त्या छापील ओळीवरून बोट फिरवलं. त्याला वाचता येत होतं ते दुकानाच्या पाटीपुरतं, पण ती ओळ काय आहे हे त्याला बरोबर कळलं होतं. त्यांच्यात भांडण मिटेना झालं की माणसाला बिरोबाच्या देवळात नेतात आणि भंडारा उचलायला लावतात. हळदीची ती चिमूट तळहातावर घेऊन माणूस बोलला की पुढं कुणी पुरावा मागत नाही. तिथं खोटं बोलणाऱ्याचं काय होतं याच्या गोष्टी धुळानं आईच्या मांडीवर ऐकल्या होत्या. सरकारनंही आता भंडारा उचलायला लावायचं ठरवलेलं दिसतंय, असं त्याच्या मनात आलं.

"फारम घरी नेतो," तो म्हणाला. "सही उद्या-परवा करतो."

"महिनाअखेर आहे, धुळाप्पा!" अण्णा जिन्यापर्यंत ओरडत आले.

दुकानात त्याचा मुलगा ज्ञानबा गिऱ्हाइकाला घोंगडी उलगडून दाखवत होता. ज्ञानबा मॅट्रिकपर्यंत शिकलेला, दोन पोरांचा बाप, धंद्यात हुशार. गिऱ्हाईक गेल्यावर धुळानं त्याला सगळं सांगितलं. ज्ञानबाचा चेहरा उजळला.

"आबा, अण्णा सांगत्यात त्ये बराबर हाय की! एकदा तुमच्या रिटर्नला लागलं की शेअर आपले झाले. शेजारचा गाळा रिकामा व्हतोय. ह्ये शेअर इकून पागडी देऊन टाकू. लोकरीला जागा पुरत न्हाय, रोज बोंबलतोय आपन."

"आनि अक्काचं?"

"आत्तीला काय आपन उपाशी मारनार हाय व्हय? वर्साला तिचं तिला देऊ की. दुकानातनं देऊ."

"तू देशील," धुळा म्हणाला. "तुजा पोरगा दील?"

ज्ञानबा उलगडलेल्या घोंगडीची घडी घालू लागला. मनानं वाईट नव्हता तो. फक्त गाळा त्याला समोर दिसत होता आणि आत्ती तीन कोसांवर होती. धुळालाही गाळा दिसतच होता. खोटं कशाला बोला, दुपारभर गिऱ्हाइकांशी बोलता बोलता त्याची नजर चार वेळा शेजारच्या गाळ्याच्या फळ्यांकडे गेली. सही करायची ती कंपनीच्या वहीप्रमाणेच तर करायची होती. चोरी नव्हती, लबाडी म्हणावी तर तीही कुणी म्हटली नसती. पण आपण डोळे मिटले की अक्काची आणि अक्कामागं अंबीची ती सगळी दौलत ह्या फॉर्मवरच्या एका सहीनं गेली, एवढं त्याला स्पष्ट कळत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो कुंभारीच्या एसटीत बसला. खिशात तो बिनसहीचा फॉर्म होता.

केराबाईच्या अंगणात तीन शेळ्या बांधलेल्या होत्या आणि ती चुलीपुढं बसून भाकरी थापत होती. साठी ओलांडलेली, पण पाठ ताठ. धुळाला बघून तिला आश्चर्य वाटलं, कारण कातरणीचे दिवस नव्हते.

"काय रं, आज मदीच?"

"आलो असाच."

"असाच कवा येतोस तू," ती म्हणाली आणि पाट सरकवून दिला. ताटात गरम भाकरी, शेंगाची चटणी आणि हुलग्याचं माडगं पडलं. धुळानं पहिला घास घेतला तोच केराबाई उठली, आत गेली आणि कापडात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आली. वहाणांचा नवा जोड. जाड तळ, तेल पाजलेलं चामडं.

"दिवाळीला दिनार व्हते. आता आलाच हाईस तर ने. गेल्या साली दिल्या त्या झिजल्या आसतील."

हा जोड ती दर वर्षी द्यायची. राखणाऱ्याचा मान. आणि धुळा दर वर्षी हसून घ्यायचा आणि घरी नेऊन माळ्यावर टाकायचा. आजवर त्याला त्यात बहिणीची माया दिसली होती, दुसरं काही नाही. पण आज खिशात तो फॉर्म होता. त्यानं दाराशी काढून ठेवलेल्या आपल्या रबरी सपातांकडे पाहिलं. दुकानातून बँकेत आणि बँकेतून दुकानात, त्या सपाता तेवढंच चालल्या होत्या. हातातला घास त्यानं परत ताटात ठेवला.

"अक्का," तो म्हणाला, "मी कसली राखन करतोय गं? कागुद येतो, ब्यांकंत टाकतो, पैसं काडतो. ऊन न्हाय, पाऊस न्हाय, लांडगा न्हाय. दुष्काळात लोकांची मेंढरं टाचा घासून मेली, आन् आपली मुंबैत सावलीला बसून लोकर देत व्हती. अर्धलीचं निम्मं राखनाऱ्यानं घ्यावं ते राखल्याबद्दल. मी निम्मं कशाचं घेत आलो?"

त्याला वाटलं होतं ती रडेल, नाहीतर रागावेल. केराबाई हसली. अशी हसली की शेळ्यांनी माना वर केल्या.

"आज कळलं व्हय तुला? आरं, अंबीच्या नवऱ्यानं मला कवाच सांगितलंय, कागुद चरत न्हाय म्हून."

"मंग बोलली का न्हाईस? वरनं ह्या वहाना?"

"गप जेव."

धुळानं ताट बाजूला सारलं आणि फॉर्म काढला. त्यावर काय लिहायचं, अण्णा काय म्हणतात, ज्ञानबा काय म्हणतो, गाळ्याचं, पागडीचं, काही न लपवता त्यानं सांगितलं. "ह्या सहीखाली मला माझं म्हून लिवायचं हाय. आन् माझं न्हाय त्ये. भंडारा उचलल्यावानी हाय ही सही. म्हून म्या ठरीवलंय, शेअर तुज्या नावावर करायचं. निम्मं न्हाय, समदं. कंपनीचा कागुद नीट तुज्या दारात यील. माज्या हातात काय राहनारच न्हाय."

केराबाईचं हसू मावळलं. तिनं तवा उतरवला आणि तो थंड व्हायच्या आतच राखेनं घासायला घेतला.

"नगं," ती म्हणाली.

"का?"

"नगं म्हनलं न्हवं. ऱ्हाऊ दे तुज्याच नावावर."

"भावकीला भितीस?"

"भावकी माजं काय वाकडं करनार आता? त्येंचीच हाडं मऊ झाल्यात."

"सरकारला भितीस? टॅक्स पडत न्हाय तुला. उलट कंपनीनं कापल्याला माघारी मिळंल."

"सरकार माजं कोन लागतंय भ्यायला?"

धुळा चिडला. आयुष्यात पहिल्यांदा तो मोठ्या मनानं काही करायला निघाला होता आणि ते घेणारंच कुणी नव्हतं. त्यानं आवाज चढवला, तिनं त्याहून चढवला, आणि शेजारची बाई भिंतीवरून डोकावून गेली. शेवटी तो म्हणाला, "बरं, तुला नगं तर नगं. पन तुज्या-माज्या मागं अंबीनं काय करायचं? कंपनी म्हनंल धुळ्याच्या पोराचं हाय."

तवा घासणारा हात थांबला. अंबीचं नाव निघालं की केराबाई मऊ व्हायची, हे त्याला लहानपणापासून नव्हे तरी अंबी जन्मल्यापासून माहीत होतं.

"येते तुज्या अण्णांकडं," ती म्हणाली. "पन तितं मी सांगंन तसंच लिवायचं."

सोमवारी ती आली. नवं इरकली लुगडं, कपाळाला भंडारा, आणि चेहरा असा की जणू कुणाच्या तेराव्याला निघाली आहे. ज्ञानबाही दुकान गड्याच्या भरवशावर टाकून मागोमाग आला. बापानं रात्री जेवताना त्याला सगळं सांगितलं होतं आणि तो मान खाली घालून जेवत राहिला होता. तिघं एकामागून एक माडी चढले. अण्णांच्या समोर फायलींचा ढीग होता आणि पारा नेहमीच्या जागी.

केराबाईनं खुर्ची पाहिली, अण्णांच्या कपाळावरची विभूती पाहिली आणि कुंभारीच्या सवयीनं सरळ कानडीत खुशाली विचारली, "आराम अदीरी, अण्णा?"

अण्णा एकदम विरघळले. फायली बाजूला झाल्या, चहा मागवला गेला, आणि सात रस्त्यावर आता कानडी बोलणारं माणूस कसं दुर्मिळ झालंय ह्यावर दोघांचं थोडं बोलणं झालं. मग धुळानं फॉर्म पुढं ठेवला.

"अण्णा, ह्ये शेअर माझं न्हाईत. समदं अक्काचं. तसंच लिवा."

अण्णांनी चष्मा काढून पुसला. "तुम्हाला कळतंय ना, सोपं सोडून अवघड करताय? तुमच्या रिटर्नला मी पूर्ण रक्कम दाखवतो आणि खाली निवेदन जोडतो. शेअर बहिणीच्या पैशाचे, माझं नाव फक्त सोयीसाठी, उत्पन्न तिचं. साहेब बोलावतील. का, कसं, कधी, शंभर प्रश्न विचारतील."

"विचारू देत. येकच उत्तर हाय, शंभरदा दीन."

"आणि शेअर नावावर करायला ट्रान्सफरचा फॉर्म. बाईंचा अंगठा, त्यावर मॅजिस्ट्रेटचा शिक्का. साक्षीदार लागेल एक. घरातला मोठा माणूस सही करत असेल तर बरं, पुढं तक्रार राहत नाही." अण्णांनी ज्ञानबाकडे पाहिलं नाही, पण धुळानं पाहिलं.

ज्ञानबा खिडकीशी उभा होता. तिथून खाली गल्ली दिसत होती, आपलं दुकान दिसत होतं आणि शेजारचा बंद गाळाही. त्यानं खिडकीकडे पाठ केली. मग पुढं आला, अण्णांच्या हातातलं पेन घेतलं आणि म्हणाला, "कुटं करायची?" धुळाला त्याला तिथंच जवळ घ्यावंसं वाटलं. पण ऑफिस होतं, म्हणून त्यानं फक्त खोकून घेतलं.

धुळानं आपल्या रिटर्नवर आणि ट्रान्सफरच्या फॉर्मवर सही केली. अक्षरं वाकडी आली. मग अण्णांनी दुसरा कोरा फॉर्म काढला, केराबाईंच्या नावाचा.

"ह्यांचं उत्पन्न कराच्या रेषेखालीच आहे. पण शेअर ह्यांच्या नावावर झाले की पुढल्या साली हे रिटर्न भरायचं, म्हणजे कंपनी जो कर कापून घेते तो परत मिळेल. आत्ताच लिहून ठेवतो, पुढल्या जुलैत माझ्या डोक्याला ताप नको. नाव, केराबाई. धंदा?"

"मेंढरं," केराबाई म्हणाली.

अण्णांनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि 'शेअरवरील उत्पन्न' असं लिहिलं. "पत्ता? ट्रान्सफरच्या फॉर्मवरही हाच टाकतोय. कंपनी ह्याच पत्त्यावर डिव्हिडंड पाठवेल."

"लिवा," धुळा म्हणाला, "मुक्काम कुंभारी, तालुका…"

"न्हाय," केराबाई म्हणाली. "त्येच्या दुकानाचा घाला."

अण्णांनी पेन वर उचललं. "अहो बाई, एवढा खटाटोप केला तो कशासाठी? शेअर तुमचे झाले. पैसे थेट तुमच्या घरी येऊ देत की. मधे भाऊ कशाला?"

लुगड्याचा काठ बोटांत धरून केराबाई त्याच्या घड्या घालत बसली. मग अण्णांकडे बघतच बोलली, भावाकडे नाही.

"पोस्टमन कागुद आनून दील, अण्णा. पन त्यो दारातनंच माघारी जाईल की. ह्यो येतो, बसतो, भाकरी खातो, माझ्यासंगं भांडतो. वर्साला दोनदा. मालक गेल्यापासनं माज्या दारात म्हायेरचं मानूस म्हून ह्यो येकलाच. त्येबी कातरन द्यायची आसती म्हून. म्या म्हनलं, निम्मं जातंय तर जाऊ दे, मानूस तर येतंय."

खाली रस्त्यावर टांग्यावाला कुणाशी तरी भांडत होता. धुळाला आत कुठंतरी जोरात लागलं. इतकी वर्षं तो समजत होता की बहिणीचं आपण सांभाळतोय, आणि इतकी वर्षं तीच निम्मी दौलत टाकून त्याला सांभाळत होती, रस्ता मोडू नये म्हणून. त्याला लाज वाटली आणि त्याहून जास्त तिच्याबद्दल माया वाटली. दोन्ही एकदमच डोळ्यांत आलं.

"अक्का, मी काय तसाबी आलो नसतो व्हय?"

तिनं आता त्याच्याकडे पाहिलं. "आला आसतास?"

'हो' त्याच्या ओठावर आलं होतं. पण मग त्याला दुकान आठवलं, वसतिगृहांच्या ऑर्डरी आठवल्या, दिवाळी-पाडवा आठवला, 'जाऊ पुढल्या आठवड्यात' म्हणून गेलेले आठवडे आठवले. नुकतीच एक सही खरी केली होती, आणि लगेच खोटं बोलवेना.

"आता यीन," तो म्हणाला.

"मंग झालं तर," केराबाई म्हणाली आणि लुगड्याचा काठ सोडून दिला. तिचा चेहरा सकाळपासून पहिल्यांदा मोकळा झाला. "लिवा, अण्णा. नाव माजं, पत्ता त्येचा."

अण्णांनी लिहिलं. केराबाई, द्वारा धुळा बंडगर, घोंगड्यांचे दुकान, सात रस्त्याजवळ, सोलापूर. लिहिताना त्यांनी नाक ओढलं आणि वेलदोडा तिखट निघाला असं कुणी न विचारताच सांगितलं. मग निळ्या शाईचं पॅड पुढं सरकवलं. केराबाईनं अंगठा शाईत बुडवला, झटकला आणि कागदावर असा दाबला की टेबल हललं.

जिना उतरताना धुळा पुढं होता, तिचा हात धरून. खालच्या पायरीवर ती थांबली आणि मागं वळून वर उभ्या असलेल्या ज्ञानबाकडे बघून म्हणाली, "तूबी येत जा रं ह्येच्यासंगं. तुज्या पोरांना घिऊन ये. रस्ता ठावा आसावा त्येंला."

"येतो, आत्ती," ज्ञानबा म्हणाला आणि दोन दोन पायऱ्या टाकत तिचा दुसरा हात धरायला खाली आला.